बांधापायी आत्या गहाण

पहारीला तेल लावण्यावरून सकाळी सकाळीच घरात भांडण पेटलं.

तसं पाहिलं तर पहारीची स्वतःची काही तक्रार नव्हती. ती अकरा वर्षं भिंतीला टेकून गुमान उभी होती आणि आणखी अकरा वर्षं उभी राहायची तिची तयारी होती. पण ठरलंराव तीन दिवसांपासून दारात बसून तिला तेल पाजत होता, चिंधीनं पुसत होता, मधूनच उन्हात धरून आपलं तोंड तिच्यात दिसतं का ते बघत होता.

"अहो, पहार आहे ती," बायको शेणाची पाटी उचलता उचलता म्हणाली. "उजवून द्यायची आहे का तिला?"

"हत्यार तयार असलं की अर्धं काम झालं म्हणून समज."

"आणि उरलेलं अर्धं कोण करणार? तेल?"

"सूनबाई!" आतून आत्याचा आवाज आला. "माणूस कामाला लागलाय तर त्याचे पाय कशाला ओढतेस? दमानं घेऊ दे त्याला."

हे असंच चालायचं. आत्या ठरलंरावाच्या बापाची थोरली बहीण. हा चार वर्षांचा असताना याची आई गेली आणि हिनं याला पोटच्यासारखं वाढवलं. याची बाजू घ्यायची सवय तिला तेव्हापासून लागली ती आजतागायत सुटली नव्हती. याच्या हातून घागर फुटली तर चूक घागरीची असायची.

ठरलंराव हे नाव गावानं ठेवलेलं. कारण हा माणूस ठरवण्यात कुणाला हार जायचा नाही. लिंबं लावायची ठरलं. छप्पर शाकारायचं ठरलं. तंबाखू सोडायची ठरलं, आणि ती तर दर आठवड्याला ठरायची. "ठरलं म्हणजे ठरलं!" असं म्हणून तो मांडीवर अशी थाप मारायचा की धोतराची धूळ उडायची. मग तेवढ्या श्रमानं दमून खाटेवर आडवा व्हायचा.

पण बांधाची गोष्ट निराळी होती. ती खरोखरच त्याच्या जिवाला लागली होती.

त्याचं शेत उतारावर. वरच्या अंगाला पाट, खालच्या अंगाला नानांचं शेत. पाटाचं पाणी सुटलं की ते याच्या शेतातून धावत जायचं आणि जाताना माती सोबत घेऊन जायचं. अकरा वर्षं ती माती नानांच्या शेतात उतरत होती. नानांचे कांदे नारळाएवढे होत चालले होते आणि याचे गोटीएवढे. वरच्या कोपऱ्यात तर मुरूम उघडा पडला होता. तिथं तणसुद्धा दोनदा विचार करून उगवायचं. उरलेल्या शेतात वीतभर माती राहिली होती, आणि कालच पाटकरी सायकलवरून येऊन सांगून गेला होता, "एकवीस दिवसांनी पाणी सोडतोय. यंदा जोर जास्त आहे, सांभाळा."

म्हणजे एकवीस दिवसांत खालच्या हद्दीवर साठ हात दगडी बांध उभा राहिला तर शेत राहणार, नाहीतर तेही नानांकडे मुक्कामाला जाणार. दगडांची वाण नव्हती. बायकोनं निंदता खुरपता एकेक वेचून त्यांचा म्हशीएवढा ढीग रचून ठेवला होता. वाण होती ती फक्त उचलणाऱ्याची.

त्या दिवशी तेल संपलं म्हणून ठरलंराव चहावाल्याच्या बाकावर जाऊन बसला. चार लोक होते, त्यामुळे जीभ मोकळी सुटली.

"यंदा बांध घालायचाच. ठरलं म्हणजे ठरलं! असा बांध, की मुंगीला पलीकडं जायचं तर वळसा घालावा लागेल."

"वा! वा!" चहावाला म्हणाला. "अभिनंदन."

झालं. नुसत्या अभिनंदनानंच त्याच्या अंगात बांध पुरा झाल्याचं समाधान पसरलं. तो पाय लांब करून बसला. कोपऱ्यात नाना बशीतला चहा फुंकत होते. ते सहसा बोलत नसत, पण आज बोलले.

"उचलली जीभ लावली टाळ्याला. अरे, तुझा बांध मी अकरा वर्षं ऐकतोय. एवढी खात्री आहे तर माझ्याकडं काहीतरी ठेव. ज्याच्यावाचून तुझं अडतं असं. बांध झाला की घेऊन जा. नाही झाला तर माझं."

नानांचा डोळा ठरलंरावाच्या दुभत्या शेळीवर होता, हे बाकालासुद्धा कळलं. पण चार लोक बघत होते. ठरलंरावानं मांडीवर थाप मारली.

नाना लगेच घरी आले. अशा बाबतीत ते वेळ दवडत नसत. शेळीकडे बघताच बायको खुरपं घेऊन शेळीच्या पुढे उभी राहिली. सायकल द्यावी तर तिचं पुढचं चाक आधीच नानांचं होतं. खाट द्यायची म्हटल्यावर ठरलंराव तिच्यावर जाऊन असा बसला की चौघांनी ओढली असती तरी उठला नसता.

"मग काय देतोस? पहार?" नाना म्हणाले.

"मला न्या," आत्या म्हणाली.

नानांनी पहारीकडे नेलेला हात मागं घेतला.

"खरंच सांगते. ह्याचं ज्याच्यावाचून अडतं अशी ह्या घरात मीच आहे. ह्याला कुणी बोललं की मी मधी पडते. म्हणून तर हा पडून राहतो. लाडावला कुणी? मीच. तर मीच उठून जाते. बांध पुरा होईपर्यंत मी ह्या घराचा उंबरा शिवणार नाही."

हे ऐकताच ठरलंराव खाटेवरून उठला. पण तोंडातून शब्द निघेपर्यंत आत्यानं बोचकं बांधलं, बसायचा पाट काखेत मारला आणि ती नानांच्या पुढे चालायलाही लागली.

नाना खूश होते. सहा वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून एकटे राहत. घरात माणूस एक आणि शब्द दिवसाला दहा. खुरपं, खोरं, कोयता, सगळं भिंतीवर आपापल्या खिळ्याला. आता आयतं जेवण मिळणार होतं आणि बांध तर होणार नव्हताच.

इकडे ठरलंरावाच्या घरात आता एकच पक्ष उरला. बायको काही बोलली की तो सवयीनं आतल्या खोलीकडे बघायचा, आणि आतून काही यायचं नाही. "पहार पुसून झाली का?" एवढंच बायको विचारायची, तेही अगदी गोड आवाजात. तो पहार घेऊन शेतापर्यंत जायचा. ढिगाकडे बघायचा. दगड त्याच्याकडे बघायचे. "आज अंगात हुरूप नाही," असं म्हणून तो तुतीच्या झाडाखाली हुरुपाची वाट बघत आडवा व्हायचा.

चौथ्या दिवशी सकाळी नाना आले. डोळे सुजलेले, टोपी उलटी.

"घेऊन जा रे बाबा तिला."

"का? काय झालं नाना?"

"काय नाही झालं ते विचार! पहाटे चारला मला हलवून उठवते आणि विचारते, झोप लागली का? रेडिओ लावावा तर बातम्या देणाऱ्याशी भांडते. त्यानं एक सांगितलं की ही दोन सांगते. खोऱ्याच्या खिळ्याला लसूण टांगलाय, आणि खोरं कुठं आहे ते मला सहा वर्षांत पहिल्यांदा माहीत नाही. काल कांद्याला पाणी देत होतो, तर मागून येऊन म्हणते, असं नाही, असं. अरे, पाणी खाली कसं सोडायचं हे मला शिकवते! भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली माझी."

"नाना, कुत्रं कुणाला म्हणता?"

"मला! मलाच म्हणतो! मी झालोय कुत्रं. ती हाक मारते आणि मी जातो."

ठरलंरावानं मान हलवली. "पण शब्द म्हणजे शब्द, नाना. बांध झाल्याशिवाय ती उंबरा शिवायची नाही."

"मग घाल ना बांध!"

"घालणार तर आहेच. जरा हुरूप येऊ द्या."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीला टेकलेल्या लखलखीत पहारीकडे पाहिलं. त्यांनी पहार खांद्यावर टाकली आणि ते शेताकडे निघाले.

पुढचे आठ दिवस ठरलंरावाच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. भर उन्हात नाना पायाचा चर खणत होते, दोरी ताणत होते, दगडावर दगड बसवत होते. हा तुतीखाली पाठ टेकून उंटावरून शेळ्या हाकत होता. "तो चपटा खाली घ्या नाना! हां, तोच!" संध्याकाळी तो चहावाल्याच्या बाकावर जाऊन सांगायचा, "आमचं काम जोरात आहे. चाळीस हात झालं." आणि खरंच दमल्यासारखा सुस्कारा टाकायचा.

"घाम त्यांना आणि धाप तुम्हाला?" बायकोनं विचारलं.

"देखरेख सोपी नसते."

बायको रोज येऊन बांधाकडे डोळे बारीक करून बघायची आणि काहीतरी चुकतंय असं तोंड करून परत जायची.

अकराव्या दिवशी दुपारी आत्या नानांचं जेवण घेऊन आली. नानांच्या शेतातून चालत ती बांधाच्या खालच्या बाजूला आली आणि एका दगडाला ठेचकाळली. तिनं खाली पाहिलं. मग वर पाहिलं. मग डबा डोक्यावर तसाच ठेवून ती त्या दगडावर चढून उभी राहिली.

"ए पोरा! ऊठ! मी कशावर उभी आहे ते सांग."

"दगडावर," ठरलंराव झोपेत म्हणाला.

"कुठल्या?"

तो डोळे चोळत आला आणि त्याची झोप खाडकन उतरली. तो हद्दीचा दगड होता. त्याच्या आज्यानं पुरलेला. हद्दीचा दगड बांधाला लागून असायला हवा होता, आणि तो बांधाच्या खाली दोन हात, नानांच्या बाजूला उभा होता. म्हणजे चाळीस हात लांब आणि दोन हात रुंद असा शेताचा पट्टा दिवसाढवळ्या, मालकाच्या देखरेखीखाली, नानांच्या शेतात गेला होता.

"नाना!"

"दोरी सरकली असेल," नाना आकाशाकडे बघत म्हणाले.

"दोन हात सरकली? आणि सरकायची तर नेमकी वरच सरकली?"

नानांनी पहार खाली ठेवली. "मग मी काय फुकट राबू? हा बांध झाला की माझी माती बंद. पट्टा तर मिळू दे. तू झोपला होतास, मला वाटलं तुझी हरकत नाही."

"आवळा देऊन कोहळा काढता व्हय!"

"आवळा तरी मी दिला. तू काय दिलंस?"

ठरलंरावानं सवयीनं आत्याकडे पाहिलं. ती आता बाजू घेईल, चूक दोरीची आहे म्हणेल. आत्याचे डोळे भरले होते, पण तिनं बाजू घेतली नाही.

"चूक तुझी आहे पोरा. दुसऱ्याच्या हातानं बांध घातला की तो दुसऱ्याच्या सोयीनं उभा राहतो. चला नाना, हात धुवा आणि जेवून घ्या. मी अजून आहे तुमच्याकडं."

हे ऐकून नानांची भूक मेली.

ठरलंराव बांधावर बसून राहिला. पाणी सुटायला दहा दिवस होते. चाळीस हात उकलायचं, दोन हात खाली न्यायचं, वर वीस हात नवं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा काही ठरवावंसं वाटेना. रडू मात्र आलं, आणि ते त्यानं येऊ दिलं.

बायको शेजारी येऊन बसली. आज तिचा आवाज गोड नव्हता, साधा होता.

"बांधाचा विचार करू नका. तो फार मोठा आहे. एक दगड उचला."

"एका दगडानं काय होतंय?"

"काही होत नाही. म्हणूनच सोपं आहे."

त्यानं वरचा एक दगड उचलला, हद्दीच्या दगडाशी नेऊन ठेवला. परत येऊन बघतो तर बांधाला पडलेला दात दिसत होता. तो दिसायला इतका वाईट होता की त्यानं शेजारचाही काढला. मग त्याच्या खालचा. ऊन उतरलं तेव्हा अडीच हात लांबीचा बांध खाली सरकला होता, बोटाचं नख काळंनिळं झालं होतं आणि ठरलंरावाच्या अंगात चक्क हुरूप होता. अकरा वर्षं तो समजत होता की आधी हुरूप येतो आणि मग माणूस दगड उचलतो. ते उलटं निघालं. हुरूप हा पाहुणा असा आहे की काम चालू दिसल्याशिवाय तो घरात पाऊल ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थातच पाहुणा गायब होता. अंग ठणकत होतं. ठरलंरावानं खाटेवरूनच चहा मागितला.

"चहा बांधावर आहे," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"किटली तिथं ठेवून आलेय. गार व्हायच्या आत जा."

चहासाठी माणूस कुठंही जातो. तिथं गेल्यावर चहा प्यायला, समोर दगड पडलेला, हात रिकामे, तर उचलला. रोज असंच. तो काही ठरवायचा नाही, फक्त चहा प्यायला जायचा. बायको ढिगावरून दगड आणून द्यायची आणि तो बसवायचा. ती स्वतः बसवायची नाही. "लावायचा तुम्ही," एवढंच म्हणायची. बाकावर तो फिरकलाच नाही. पाचव्या दिवशी चहावाला आणि आणखी एक जण त्याची तब्येत विचारायला घरी आले. ठरलंराव कामावर आहे म्हटल्यावर त्यांना तो जास्तच आजारी असावा असं वाटलं.

खालच्या अंगाला नाना रोज येऊन उभे राहायचे. बांध वाढला की त्यांचा चेहरा पडायचा, मागून आत्याची हाक आली की पुन्हा उजळायचा. बांध व्हावा की न व्हावा, हे त्या माणसाला अखेरपर्यंत ठरवता आलं नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी पाटकऱ्यानं शिट्टी मारली आणि पाटाचं दार उचललं. तेव्हा तीन हातांची खिंड उरली होती.

पाणी वरच्या कोपऱ्यातून शिरलं आणि मुरुमावरून खळाळत निघालं. मातीला लागताच त्याचा रंग बदलला. ठरलंराव खिंडीत उभा राहून दगड रचत होता. बायको धावत आणून देत होती. पाणी घोट्याला आलं, पिंढरीला आलं. साठ हातांच्या बांधाचं सगळं पाणी त्या खिंडीकडं वळलं आणि त्याच्या दोन पायांमधून वीतभर माती निघून जाऊ पाहत होती.

"नाना!" खालून आत्या ओरडली. "खिंड राहिली तर मी पाण्याच्या पुढच्या पाळीपर्यंत आहे! चार महिने!"

नानांनी टोपी फेकली, बांधाच्या तळाशी पडलेला सगळ्यात मोठा दगड पोटाशी धरला आणि ते धापा टाकत खिंडीपाशी आले. दगड बसवायला वाकले.

"नाना, थांबा!" ठरलंराव ओरडला. "खाली ठेवा. मी उचलतो."

"अरे वेड्या, पाणी वर चाललंय!"

"चढू दे. ठेवा खाली."

नानांनी ठेवला. ठरलंरावानं तो उचलला. कमरेतून कसला तरी आवाज आला, तोंडातून आत्यानं कधी न ऐकलेला शब्द आला, आणि दगड खिंडीत बसला. मग वर चपटे, फटीत बारके, आणि बायकोनं ओंजळीनं चिखल लिंपला.

पाणी बांधाला धडकलं, मागं सरलं, पुन्हा आलं आणि थांबलं. साठ हात लांब तळं साचून त्यात माती हळूहळू खाली बसायला लागली. बांधाच्या फटीतून नानांच्या शेतात पाणी झिरपलं. आधी जरा गढूळ, मग नितळ. नानांनी ओंजळ भरून घेतली, उन्हाकडे धरली, बोटं हलवून तळ पाहिला.

"नुसतं पाणीच आहे की रे," ते हताश होऊन म्हणाले.

आत्यानं बोचकं आधीच आणून बांधावर ठेवलेलं होतं. तिनं लुगडं वर खोचलं आणि ती बांध ओलांडून या बाजूला आली. बायकोनं हात दिला. दोघींनी वळून ठरलंरावाकडे पाहिलं. तो अजून तिथंच, गाळात गुडघ्याच्या वरपर्यंत रुतून उभा होता. डावा पाय काढायला गेला की उजवा आत जायचा.

"पहार आणा रे," आत्या म्हणाली. "पोरगं अडकलं."

"या इकडं, हात द्या," बायको पुढे झाली.

"नको," ठरलंराव म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि तोंड हसत होतं. "राहू दे गं थोडा वेळ. अकरा वर्षांत पहिल्यांदा मातीनं मला धरून ठेवलंय."